अर्थ लागत नाही

चावी फिरवली. टक.
पुन्हा फिरवली. टक.
बस, एवढंच. जणू कोणी टाळूला जीभ लावून
नाराजी नोंदवावी आणि गप्प बसावं.

सकाळचे सहा चाळीस. लश्कर, चिटणीस की गोठ.
धुकं असं की कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचा
नुसता आवाजच दिसतो.
साडेसातला मुरारच्या शाळेत दहावीची प्री-बोर्ड, विज्ञान.
पेपरांचं पुडकं मागच्या सीटवर,
लाखेचं सील माझ्यापेक्षा शांत.

दिवे लावून पाहिले. लागले, चांगले ठणठणीत.
हॉर्न वाजवला. वाजला.
गल्लीतलं तपकिरी कुत्रं उठलं,
मीच आहे अशी खात्री करून परत झोपलं.
म्हणजे बॅटरी नव्हे.
पेट्रोल कालच पाचशेचं भरलंय.
मग चावी काढली, पदराला पुसली, पुन्हा घातली.
एमेस्सी फिजिक्स, बावीस वर्षं शिकवते,
आणि उपाय काय, तर चावी पुसते.

नवरा भोपाळला. फोनवर झोपेतच म्हणाला,
"धक्का मारून बघ."
कोणाकडून?

तेवढ्यात शेजारची कडी निघाली.
भदौरियाजी. कानटोपी, तोंडात दातून.
दोन हिवाळे आमचं बोलणं नाही.
कडुनिंबाच्या फांद्या मी तोडायला लावल्या होत्या,
माझ्या हिशेबाने तीन, त्यांच्या हिशेबाने पाच.
रोडवेजच्या डेपोत एकतीस वर्षं काढलेला माणूस;
रोडवेज बंद पडली, हे पडले नाहीत.

माझ्याशी नाहीच बोलले.
बॉनेटवर दोन बोटं टेकवून गाडीलाच विचारलं,
"क्यों री, का हो गओ?"
मग हवेत हात फिरवला: लगाओ.
टक.
डोळे मिटून, मान कलती करून ऐकलं,
दातून एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.
"बॅटरी ठीक. सेल्फ ठीक.
अर्थ नहीं मिल रहा."

मला ते आधी मराठीतच ऐकू आलं.

आत गेले आणि वायर घेऊन आले,
लाल-काळ्या जोडीतली एकटी काळी.
एक चिमटा बॅटरीच्या टोकाला, दुसरा थेट इंजिनाच्या लोखंडाला.
"अब."
आणि गाडी अशी खोकली, अशी थरथरली,
की सीटवरचं पुडकं घसरून खाली पडलं.

"बंद करो. ऐसे कब तक चलाओगी?"
टॉर्च खाली धरून दाखवलं:
इंजिन आणि बॉडीच्या मध्ये
वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी,
हिरवी पडलेली,
बोल्टला नुसती टेकलेली. धरलेली नव्हे.

हे मी दर जुलैत फळ्यावर काढते.
मुलांनो, करंटला जाण्याइतकीच
परत यायची वाट लागते.
नाहीतर सेल भरलेला असून काय उपयोग.
मुलं उतरवून घेतात.
मीही कधीतरी उतरवूनच घेतलं असणार.

त्यांनी तळहात पुढे केला, माझ्याकडे न बघता.
काय हवंय ते मला कसं कोण जाणे कळलं:
स्वयंपाकघरात धावले, तारेची घासणी आणली,
रात्रीच्या कढईची राख अजून तिला होती.
कर्र कर्र कर्र. हिरवं गेलं, लाल उघडं पडलं.
दहाचा पाना, अडीच वळसे,
शेवटच्या अर्ध्या वळशाला त्यांचा ओठ दातांत.

चावी फिरवली.
टक आलाच नाही.

धुक्यात धूर मिसळला, कुत्रं जागा बदलून झोपलं.
सात वाजून नऊ. काच खाली केली,
काय म्हणावं ते ठरत नव्हतं.
तेच वाकले. घासणी परत दिली.
"पाँच थीं," म्हणाले.

"तीन," मी म्हटलं,
आणि पहिला गिअर टाकला.